प्रकाशाचा अंध उपासक

अंधाऱ्या रात्री एखादे पेटते कोलीत हातात धरून जोराने गरगर फिरविले, तर पाहणाऱ्याला कोलिताचा निखारा वेगळा दिसत नाही. आगीचे एक अखंड वर्तुळ दिसते. होळीच्या रात्री हा खेळ कोणी पाहिला नसेल? आपल्या प्राचीन तत्त्ववेत्त्यांनी या वर्तुळाला अलातचक्र असे नाव दिले आणि जे दिसते ते सर्वच खरे असते असे नाही, हे समजावून देण्यासाठी त्याचा दृष्टान्त योजिला. निखारा एकच असतो व एका क्षणी तो एकाच ठिकाणी असू शकतो. मग वर्तुळ येते कोठून? ते पाहणाऱ्याच्या दृष्टीत निर्माण होते. निखारा पुढे सरकला तरी त्याने डोळ्यावर उमटविलेला ठसा क्षणभर तसाच राहतो. तो पुसला जाण्यापूर्वीच निखारा फेरी पुरी करून पुन्हा त्या जागी येतो आणि सर्व ठसे मिळून वर्तुळ होते.

हा ठसा नेमका किती काळ टिकतो? त्याचा रंगाशी व तेजाशी काय संबंध असतो? प्रकाश एकसारखा न येता लुकलुकत आला, तर डोळा त्याचे काय करतो? या प्रश्नांचा ज्याने तरुणपणीच ध्यास घेतला आणि त्यांची उत्तरे काटेकोर मोजमापाने शोधली, त्या शास्त्रज्ञाचे नाव जोसेफ प्लातो. आज आपण चित्रपटगृहात बसून पडद्यावरची हलती चित्रे पाहतो, त्यामागे त्याने केलेल्या प्रयोगांचा मोठा वाटा आहे. परंतु दैवदुर्विलास असा, की दृष्टीचे मर्म शोधणाऱ्या या माणसाचीच दृष्टी गेली. आयुष्याची अखेरची चाळीस वर्षे त्याने संपूर्ण अंधारात काढली. त्या अंधारातही त्याचे संशोधन थांबले नाही, म्हणूनच त्याचे चरित्र जाणून घेण्याजोगे आहे.

जोसेफ प्लातो याचा जन्म 14 ऑक्टोबर 1801 रोजी ब्रुसेल्स शहरी झाला. त्या वेळी बेल्जियम हे स्वतंत्र राष्ट्र नव्हते. तो प्रदेश फ्रेंच सत्तेखाली होता. पुढे नेपोलियनची सत्ता ढासळल्यावर 1815 साली तो नेदरलँड्सच्या राज्यात गेला आणि 1830 साली स्वतंत्र झाला. जोसेफचे वडील आंत्वान प्लातो हे नामांकित चित्रकार होते. फुलांची चित्रे काढण्यात त्यांचा हातखंडा होता. पाकळ्यांवरील रंगांच्या बारीकसारीक छटा, उजेड व सावली यांचा मेळ, या गोष्टी जोसेफने घरातच लहानपणापासून पाहिल्या. मुलानेही आपल्यासारखेच चित्रकार व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, म्हणून त्यांनी त्याला चित्रकलेच्या शाळेत घातले.

जोसेफ मोठा बुद्धिमान होता. वयाच्या सहाव्या वर्षी तो चांगले वाचू लागला होता. प्राथमिक शाळेत असताना एकदा त्याने पदार्थविज्ञानाचे काही प्रयोग पाहिले. त्या प्रयोगांनी त्याच्या बालमनावर जणू जादूच केली. यामागचे रहस्य आपण एक ना एक दिवस जाणून घ्यायचेच, असा निश्चय त्याने त्या वेळी केला. लहानपणीचे असे निश्चय बहुधा विसरले जातात. जोसेफने मात्र तो जन्मभर पाळला.

पण त्याचे बालपण सुखात गेले नाही. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत त्याची आई व वडील दोघेही निवर्तले. या आघाताने तो आजारी पडला. त्याच्या मामांनी त्याचा सांभाळ केला. मामा वकील होते. भाच्यानेही कायद्याचा व्यवसाय करावा असे त्यांना वाटे. पण ब्रुसेल्सच्या विद्यालयात जोसेफला आदोल्फ केतले यांच्यासारखे गणिताचे थोर अध्यापक लाभले. केतले यांनी या अबोल मुलाचे गुण ओळखले आणि त्याच्या मनातील शास्त्राची ओढ जागी ठेवली. गुरुशिष्यांचा हा स्नेह पुढे आयुष्यभर टिकला. 1822 साली जोसेफ लिएज येथील विद्यापीठात दाखल झाला. कायद्याकडे नेणारे शिक्षण घेता घेता तो गणित व पदार्थविज्ञान यांच्याकडेच ओढला गेला. पोटापाण्यासाठी 1827 पासून त्याने लिएजच्या एका विद्यालयात गणित शिकविण्याचे काम पत्करले आणि उरलेल्या वेळात स्वतःचे प्रयोग चालू ठेवले.

त्याच्या प्रयोगांची साधने अगदी साधी होती. पुठ्ठ्याच्या चकत्या, रंगीत कागद, एक आस व तो फिरविण्याचे चाक, एवढेच त्याचे भांडवल! काळ्या चकतीवर तो एखाद्या रंगाची पट्टी चिकटवी आणि चकती फिरवू लागे. वेग कमी असताना रंगाची झाक येई व जाई. डोळ्यांपुढे ती सारखी लुकलुके. वेग वाढविला की एका ठराविक क्षणी हे लुकलुकणे थांबे आणि सगळीकडे एकसारखा रंग पसरलेला दिसे. त्या क्षणी चकतीला एक फेरी घेण्यास किती वेळ लागतो हे मोजले, की डोळ्यावरील ठशाच्या टिकाऊपणाचा अंदाज बांधता येई. असा प्रयत्न त्याच्यापूर्वी 1765 साली दार्सी नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने जळता निखारा फिरवून केला होता व सुमारे 0.13 सेकंद हे उत्तर काढले होते. प्लातोने अधिक बारकाईने विचार केला. त्याच्या लक्षात आले, की प्रकाशाचा ठसा डोळ्यावर एकदम पूर्ण उमटत नाही. तो उमटण्यास काही वेळ लागतो. तो नाहीसाही एकदम होत नाही, तर हळूहळू फिका होत जातो. पूर्ण तेजापासून अगदी दिसेनासा होईपर्यंत त्याला सरासरीने सेकंदाचा तिसरा भाग लागतो, असे त्याने दाखवून दिले. रंगारंगांत या बाबतीत थोडा फरक पडतो, हेही त्याने नोंदविले.

हे सर्व निष्कर्ष त्याने एका प्रबंधात मांडले आणि 1829 साली लिएजच्या विद्यापीठाने त्याला डॉक्टर ही पदवी दिली. हा प्रबंध अवघ्या सत्तावीस पानांचा होता. पण पुढच्या साऱ्या कार्याची बीजे त्यात होती.

याच वर्षी त्याच्या हातून एक अविचारी धाडस घडले. अतिशय प्रखर प्रकाशाचा डोळ्यावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्याने सूर्याकडे टक लावून पाहिले. एक नव्हे, दोन नव्हे, तब्बल पंचवीस सेकंदे त्याने डोळे मिटले नाहीत! त्याचा परिणाम तात्काळ दिसला. काही दिवस त्याला दिसेनासे झाले. यथावकाश दृष्टी परत आली व त्याने पुन्हा कामास आरंभ केला. पुढे जेव्हा त्याचे डोळे कायमचे गेले, तेव्हा या प्रयोगाचेच ते फळ आहे असे तो मानीत असे. आधुनिक वैद्यांना मात्र तसे वाटत नाही. प्रयोगानंतर कित्येक वर्षांनी त्याला डोळ्यांच्या आतील भागाचा दाह जडला आणि त्या जुनाट रोगानेच त्याची दृष्टी हिरावून घेतली असावी, असा त्यांचा अभिप्राय आहे. ते काही असले तरी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे अत्यंत घातक आहे, यात संशय नाही. सूर्याच्या प्रखर किरणांनी दृष्टिपटल कायमचे भाजते आणि त्या वेळी वेदनाही होत नाहीत. प्लातोची ज्ञानलालसा घ्यावी. त्याचे हे धाडस मात्र कोणीही गिरवू नये.

प्लातोच्या नावाला खरी कीर्ती मिळवून दिली ती एका खेळण्याने. 1831 साली इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी फिरणाऱ्या दातेरी चाकांमुळे होणाऱ्या दृष्टिभ्रमांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील काही गोष्टी प्लातोने यापूर्वीच प्रसिद्ध केल्या होत्या. त्याने फॅरेडे यांना तसे नम्रपणे कळविले आणि फॅरेडे यांनीही मोठ्या मनाने त्याचा अग्रहक्क मान्य केला. फॅरेडे यांच्या निबंधातील इतर प्रयोग वाचून प्लातोला मात्र नवी कल्पना सुचली. 1832 च्या अखेरीस त्याने एक चकती तयार केली. तिचे सोळा सारखे भाग पाडून प्रत्येक भागात त्याने गिरकी घेणाऱ्या एका नर्तकाचे चित्र काढले. प्रत्येक चित्रात नर्तक आधीच्या चित्रापेक्षा किंचित अधिक वळलेला होता. चकतीच्या कडेला ठराविक अंतरावर अरुंद फटी पाडल्या होत्या. चकतीची चित्रे असलेली बाजू आरशाकडे करावयाची, चकती फिरवावयाची आणि फटींतून आरशात पाहावयाचे. असे करताच कागदावरचा नर्तक खरोखरीच गिरक्या घेऊ लागे!

हे कसे घडते? फटी नसत्या, तर फिरणारी चित्रे एकमेकांत मिसळून केवळ रंगाचा पट्टा दिसला असता. फटीमुळे डोळ्याला प्रत्येक चित्राचे दर्शन अगदी निमिषमात्र होते. त्या अवधीत चित्र फारसे सरकलेले नसते, म्हणून ते रेखीव दिसते. लगेच मधला पुठ्ठा आड येतो व अंधार होतो. दुसरी फट येते तेव्हा पहिल्या चित्राच्या जागी दुसरे चित्र आलेले असते. पहिल्याचा ठसा पुसला जाण्यापूर्वी दुसऱ्याचा उमटतो आणि तुटक चित्रांतून सलग हालचालीचा भास होतो. प्रकाश व अंधार यांचा हा लपंडावच त्या खेळण्याचा प्राण होता.

प्लातोने 20 जानेवारी 1833 या तारखेचे एक पत्र लिहून आपला शोध प्रसिद्धीस दिला. नवल असे, की नेमक्या त्याच सुमारास व्हिएन्ना येथील प्राध्यापक सिमोन श्टाम्फर यांनीही स्वतंत्रपणे अशीच चकती बनविली होती. अशा प्रसंगी शास्त्रज्ञांत कित्येकदा कटू वाद माजतात. प्लातोने वाद वाढविला नाही. श्टाम्फर यांनी त्याच काळी हा शोध लावला, या त्यांच्या सांगण्यावर त्याने विश्वास ठेवला. पॅरिस, लंडन इत्यादी शहरांतील व्यापाऱ्यांनी अशा चकत्या छापून विकल्या आणि युरोपातील घरोघरी मुले त्यांच्याशी खेळू लागली. प्लातोने मात्र त्यावर धन मिळविण्याच्या मागे न लागता आपले लक्ष पुन्हा प्रयोगांकडे वळविले.

1834 साली इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम फॉक्स टॅल्बट यांनी लुकलुकणाऱ्या प्रकाशाविषयी एक नियम मांडला होता. प्लातोने पुढच्याच वर्षी त्याची प्रयोगाने खात्री करून घेतली. म्हणून तो नियम आज टॅल्बट व प्लातो या दोघांच्या नावाने ओळखला जातो. नियम समजण्यास सोपा आहे. एका चकतीचा चौथा हिस्सा पांढरा व उरलेले तीन हिस्से अगदी काळे आहेत असे समजा. चकती हळू फिरविली तर पांढरे व काळे आळीपाळीने दिसते. लुकलुक पूर्णपणे थांबेल इतक्या वेगाने ती फिरविली, तर ती एकसारखी करडी दिसते. या करड्या रंगाचे तेज किती असते? पांढऱ्याच्या बरोबर एक चतुर्थांश! म्हणजे तुकड्यातुकड्यांनी आलेला प्रकाश जणू सर्व वेळेवर सारखा वाटून दिला असता जेवढा होईल, तेवढाच डोळ्याला भासतो. चकतीचा वेग आणखी वाढविला तरी या तेजात फरक पडत नाही.

1835 साली प्लातोची गेंट येथील विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. 1840 साली फानी क्लाव्हारो या युवतीशी त्याचा विवाह झाला आणि पुढील वर्षी त्यांना पुत्र झाला. संसार सुखाचा होता, कीर्ती वाढत होती, हातात कामे पुष्कळ होती. आणि अशा वेळी त्याच्यावर संकट कोसळले. 1841 साली त्याच्या डोळ्यांना दाह सुरू झाला. दृष्टी दिवसेंदिवस मंद होत चालली. उपाय झाले, पण गुण आला नाही. 1843 साली त्याच्या दोन्ही डोळ्यांची ज्योत पूर्णपणे विझली. त्या वेळी त्याचे वय अवघे बेचाळीस वर्षांचे होते आणि मूल दोन वर्षांचे होते.

प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञाचे डोळे जाणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. नुसते वाचणे व लिहिणेच बंद झाले असे नाही. उपकरणावरील खूण पाहणे, रंग ओळखणे, द्रवाची पातळी पाहणे, यांपैकी काहीच करता येईना. ज्या विषयाला त्याने आयुष्य वाहिले, तो तर निव्वळ डोळ्यांनी पाहण्याचाच विषय होता. हाताची घडी घालून तो स्वस्थ बसला असता, तर कोणीही त्याला दोष दिला नसता.

प्लातो स्वस्थ बसला नाही. त्याने कामाची एक नवीनच रीत घालून घेतली. प्रयोग कसा करावयाचा याची आखणी तो मनात करी. उपकरण कसे असावे, कोणता द्रव किती घ्यावा, काय पाहावे, हे तो पायरीपायरीने सांगे. सहकारी त्याच्या सांगण्याप्रमाणे प्रयोग करीत व जे दिसेल त्याचे त्याला वर्णन करून सांगत. तो त्यांना बारीकसारीक प्रश्न विचारी आणि उत्तरांवरून सर्व दृश्य मनश्चक्षूंपुढे उभे करी. एखादी गोष्ट संशयास्पद वाटली की तो प्रयोग पुन्हा करावयास लावी. शेवटी निष्कर्ष तोंडाने सांगून लिहून घेतले जात. पत्नी, मित्र, पुढे मोठा झालेला मुलगा फेलिक्स, जावई व्हान देर मेन्सब्रुगे ही सर्व मंडळी त्याचे डोळे झाली. फेलिक्स पुढे स्वतः नामांकित प्राणिशास्त्रज्ञ झाला आणि जावयाने सासऱ्याचे पहिले चरित्र लिहिले.

या काळात त्याने द्रवांच्या आकारांचा सखोल अभ्यास केला. पाणी व मद्यार्क यांचे योग्य मिश्रण करून त्यात तेल सोडले, तर ते तरंगत नाही व बुडतही नाही. मिश्रणाच्या मधोमध त्याचा सुंदर गोळा होऊन राहतो. हा गोळा फिरविला तर तो वरून व खालून चपटा होतो, आणि अधिक वेगाने फिरविल्यास त्याचे कडे बनते. पुढे त्याने साबण व ग्लिसरीन यांचे असे मिश्रण बनविले, की त्याचे पापुद्रे कित्येक तास टिकत. तारेचे नाना आकारांचे सांगाडे त्यात बुडवून वर काढले की त्यांवर पातळ, चकचकीत पापुद्रे ताणले जात. असे तीन पापुद्रे एका कडेवर मिळतात तेव्हा त्यांमधील कोन नेहमी 120 अंशांचे असतात, असे त्याने दाखवून दिले. ते कितीही वेळा व कोणत्याही सांगाड्यावर पाहिले तरी हा नियम मोडत नाही. 1873 साली या विषयावरील त्याचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दिलेल्या तारेच्या कडेवर कमीत कमी क्षेत्रफळाचा पापुद्रा नेहमी असतोच काय, हा गणितातील प्रश्न त्याच्याच नावाने ओळखला जातो. तो सोडविण्यास गणितज्ञांना 1930 च्या सुमारापर्यंत झटावे लागले. साबणाच्या पापुद्र्यांवरील इंद्रधनुषी रंग प्लातोने या काळात एकदाही पाहिले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या बुद्धीचे नवल वाटते.

दृष्टीचा विषयही त्याने सोडला नाही. आठ चित्रकारांना त्याने एकेक पांढरा व एकेक काळा नमुना दिला आणि त्या दोहोंच्या नेमका मध्यावर वाटेल असा करडा रंग रंगविण्यास सांगितले. प्रत्येकाने आपापल्या चित्रशाळेत, आपापल्या उजेडात रंग तयार केला. तरीही आठांचे करडे रंग जवळजवळ सारखेच निघाले. उजेड कमीअधिक झाला तरी छटांमधील परस्परसंबंध डोळा कायम ठेवतो, हा महत्त्वाचा विचार त्यातून पुढे आला. चित्रकार पित्याच्या घरी बालपणी मिळालेले रंगांचे संस्कार असे फळास आले. वृद्धापकाळी त्याने आणखी एक अवघड काम अंगावर घेतले. डोळ्यांना होणारे भास व ठसे यांविषयी प्राचीन काळापासून ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्या सर्व लेखनाची टिपणांसह सूची त्याने तयार केली. दुसऱ्यांकडून वाचून घेऊन एका अंधाने केलेली ही सूची पुढील संशोधकांना फार उपयोगी पडली.

15 सप्टेंबर 1883 रोजी गेंट येथे जोसेफ प्लातोचे निधन झाले. त्या वेळी त्याचे वय एक्याऐंशी वर्षांचे होते.

प्लातोने विचारलेल्या प्रश्नांचा शोध पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवला. डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल नावाचा एक अतिशय पातळ पडदा असतो. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. सुमारे बारा कोटी दंडपेशी अंधूक उजेडात काम करतात, तर सुमारे साठ लाख शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात व रंग ओळखतात. दंडपेशी मंद असतात. त्यांच्यावर पडलेल्या प्रकाशाचा परिणाम हळू उमटतो व हळू ओसरतो. म्हणून अंधूक प्रकाश सेकंदाला पंधरा-वीस वेळा लुकलुकला तरी तो स्थिर वाटू लागतो. शंकुपेशी चपळ असतात. प्रखर प्रकाशाची लुकलुक त्या सेकंदाला पन्नास-साठ वेळांपर्यंत ओळखू देतात. आपल्या घरातील विजेच्या प्रवाहामुळे तारेचा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होत असतो; पण हा वेग डोळ्याच्या मर्यादेपलीकडचा असल्याने आपल्याला त्याची गंधवार्ताही लागत नाही.

दृष्टिपटल केवळ ठसे धरून ठेवते असेही नाही. या कोट्यवधी पेशींचे निरोप मेंदूकडे नेण्यासाठी सुमारे दहा लाखच मज्जातंतू असतात. त्यामुळे निरोपांची निवड व जुळणी दृष्टिपटलातच होते. अमेरिकन शास्त्रज्ञ हार्टलाइन यांनी 1938 साली बेडकाच्या डोळ्यातील एकेका तंतूतून जाणारे विजेचे सूक्ष्म संदेश मोजले. काही तंतू प्रकाश असेपर्यंत संदेश पाठवीत राहतात, काही प्रकाश सुरू होताना व बंद होताना तेवढेच जागे होतात, तर काही फक्त प्रकाश गेला की बोलू लागतात, असे त्यांना आढळले. अशा संशोधनाबद्दल त्यांना 1967 साली ग्रानिट व वॉल्ड यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. जे स्थिर आहे त्यापेक्षा जे बदलते आहे त्याचीच वार्ता डोळा अधिक तत्परतेने मेंदूला देतो, हे यावरून कळून आले. हलत्या चित्रांचा भास केवळ ठसा टिकल्यामुळे होत नाही. हालचाल ओळखण्याचे काम करणाऱ्या दृष्टिपटलातील व मेंदूतील यंत्रणेचा त्यात मोठा भाग असतो, हेही विसाव्या शतकात स्पष्ट झाले.

प्लातोच्या चकतीचे पुढे काय झाले? तिच्या तत्त्वावर अनेकांनी नवी यंत्रे रचली. रेखाटलेल्या चित्रांची जागा छायाचित्रांनी घेतली. 28 डिसेंबर 1895 रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये चलच्चित्रांचा खेळ केला आणि 7 जुलै 1896 रोजी तो मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविला गेला. 1913 साली दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट मुंबईत झळकला. फितीवरचे चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रे दाखवीत. पण एवढ्याने पडदा लुकलुकत राहिला असता. म्हणून यंत्रातील फिरती झडप प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा झाकून उघडी आणि लुकलुक सेकंदाला अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर वेळा होऊन डोळ्याला जाणवेनाशी होई. चकतीतील फटींचेच काम ही झडप करीत होती.

ज्याच्या प्रयोगांतून ही कला पुढे उमलली, त्याने स्वतः चित्रपट कधी पाहिला नाही. ल्युमिएर बंधूंच्या पॅरिसमधील त्या खेळाच्या बारा वर्षे आधी तो हे जग सोडून गेला होता आणि त्याच्यापुरता प्रकाश तर कधीच मावळला होता. पण त्याने लावलेल्या शोधांचा उजेड जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचला. डोळे गेल्यावरही जिज्ञासा, शिस्त आणि आप्तांचे प्रेम यांच्या बळावर मनुष्य केवढे कार्य करू शकतो, हे त्याच्या जीवनावरून दिसून येते.

स्वाध्याय

1. फिरत्या कोलिताचे वर्तुळ का दिसते, ते आपल्या शब्दांत सांगा.
2. प्लातोच्या चकतीत फटी नसत्या तर काय दिसले असते? का?
3. दृष्टी गेल्यानंतर प्लातोने प्रयोग करण्याची कोणती रीत अवलंबिली?
4. फॅरेडे व श्टाम्फर यांच्याशी प्लातो कसा वागला? त्यावरून त्याच्या स्वभावाचे कोणते गुण दिसतात?
5. पुठ्ठ्याची एक चकती घेऊन तिचा निम्मा भाग पांढरा व निम्मा काळा रंगवा. मध्ये टाचणी खोचून ती प्रथम हळू व मग जोराने फिरवा. काय दिसले ते वहीत लिहा.